एक्सटर्नल हार्ड डिस्क आणि डिस्क बर्नर : घरच्या संगणकासाठी काय घ्यावं?

प्रश्न असा आहे : घरात एक जुना डेस्कटॉप आणि एक नवा लॅपटॉप. फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचे स्कॅन मिळून दीड टीबीच्या आसपास डेटा. डेस्कटॉपची आतली डिस्क भरत आलीय, लॅपटॉपला सीडी-डीव्हीडी घालायला जागाच नाही आणि कपाटात जुन्या डिस्कचा गठ्ठा पडलाय. अशा वेळी एक्सटर्नल हार्ड डिस्क कोणती आणि किती टीबीची घ्यावी, त्याऐवजी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) बरी का, बर्नर (कोऱ्या डिस्कवर डेटा लिहिणारा ड्राइव्ह) डीव्हीडीचा पुरेल की ब्लू-रेचा हवा, त्यावर चित्रपट पाहता येतील का, आणि सगळे फोटो एकदाचे अशा सीडी-डीव्हीडीसारख्या डिस्कवर मारून, म्हणजे लिहून, ठेवले तर चालेल का?

आधी थेट उत्तर देतो. ४ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घ्या. एकच भारी घेऊ नका. या कामाला एसएसडी नको. बर्नर यूएसबीवर चालणारा, साधा, डीव्हीडीचा घ्या. ब्लू-रे बर्नरवर पैसे घालण्याआधी खाली लिहिलंय ते वाचा. फोटो डिस्कवर मारायला हरकत नाही, पण सगळे नाहीत, आणि डिस्कवर मारले म्हणून हार्ड डिस्कवरचे उडवायचे नाहीत.

दोन डिस्कवर एवढा जोर का, ते सांगतो. डेटा परत मिळवून द्या म्हणून जे लोक बंद पडलेली डिस्क घेऊन येतात, त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "पण हा तर बॅकअप होता." जरा खोदून विचारलं की उलगडा होतो. संगणकात जागा करायची म्हणून फोटो एक्सटर्नल डिस्कवर हलवले, मूळचे उडवले आणि त्या डिस्कला बॅकअप म्हणायला लागले. फाइल एकाच ठिकाणी असेल, तर ते ठिकाण कितीही नवं आणि महागडं असलं तरी तिचा बॅकअप नाही. तुमच्या प्रश्नातही जागा वाढवणं आणि प्रत राखणं ही दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. एका डिस्कने दोन्ही होत नाहीत.

म्हणून एक डिस्क डेस्कटॉपजवळ, नेहमीच्या वापराला. दुसरी महिन्यातून एकदा जोडायची, नवं काय ते तिच्यावर घ्यायचं आणि काढून दुसऱ्या जागी ठेवायची. भावाबहिणीच्या घरी ठेवता आली तर उत्तमच. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घरच्या संगणकाला तो काटेकोर पाळला नाही तरी निभावतं. पण दुसरी डिस्क सतत जोडून ठेवायची नाही, एवढं मात्र पाळाच. रॅन्समवेअर (फाइल्स अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) संगणकात शिरलं तर जोडलेली प्रत्येक डिस्क ते कुलूपबंद करतं. विजेचा झटका आला तर तो दोघींना एकदमच बसतो.

अजून एक बारकावा. प्रत घेताना पुष्कळ जण दोन्हीकडचा मजकूर तंतोतंत सारखा करणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात इकडे चुकून उडालेली फाइल तिकडेही इमानेइतबारे उडते. विंडोजची फाइल हिस्टरी, मॅकची टाइम मशीन किंवा फ्रीफाइलसिंकमधली जुन्या आवृत्त्या राखायची सोय वापरा, म्हणजे चूक लक्षात आल्यावर मागे जाता येतं.

कंपनी कोणती, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि त्यालाच सगळ्यात कमी महत्त्व आहे. फिरणाऱ्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटकडे गेला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. डबीवर नाव कोणाचंही असो, आतली तबकडी या तिघांपैकीच कोणाची तरी असते. तिघांच्याही डिस्क मरतात. मी फक्त एवढंच सांगेन की दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, निदान वेगवेगळ्या वेळी घ्या. एकाच खेपेतल्या दोन डिस्कमध्ये एखादा दोष असलाच, तर तो दोघींतही असतो आणि त्या मागेपुढे लागोपाठ जातात.

आता आकार. अडीच इंची डिस्क खिशात मावते आणि तिला वीज यूएसबीच्या तारेतूनच मिळते. साडेतीन इंची डिस्क टेबलावर बसते, तिला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो, पण ती जास्त वेगवान असते आणि क्षमताही पुष्कळ मोठी मिळते. अडीच इंचीची धाव ५-६ टीबीपर्यंतच. दीड टीबी डेटा असलेल्या घराला अडीच इंची ४ टीबी पुरते. अॅडॉप्टर हरवत नाही, चुकीचा लागत नाही. चुकीच्या व्होल्टेजचा अॅडॉप्टर लावून जळालेल्या साडेतीन इंची डिस्क माझ्याकडे नेहमी येतात. पिन बसते म्हणून लोक राउटरचा नाहीतर स्पीकरचा अॅडॉप्टर लावतात. मोठी डिस्क घेतलीत, तर अॅडॉप्टरवर मार्करने डिस्कचं नाव लिहून ठेवा.

४ टीबी का? आजच्या डेटाच्या दुपटीहून थोडं जास्त घ्यावं, एवढाच हिशोब. मोबाइलवर फोरके व्हिडिओ काढणारं कोणी घरात असेल तर जागा अपेक्षेआधीच भरते. डिस्क जोडल्यावर विंडोज ती ३.६३ टीबीची दाखवेल, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी टीबी मोजते दशमान पद्धतीने, १ वर १२ शून्यं बाइट्स. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र टीबीच लावतं. मॅकवर हीच डिस्क ४ टीबी दिसते.

पोर्टबद्दल जुन्या डेस्कटॉपवाल्यांनी थोडं लक्ष द्यावं. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. तिथे पोर्ट आड येत नाही, डिस्क स्वतः जेवढी पळेल तेवढी पळते, म्हणजे अडीच इंचीला सेकंदाला १००-१३० एमबी. तुमचा दीड टीबी पहिल्या पोर्टवरून जायला बारा तास लागतील, दुसऱ्यावरून चारेक. लहान लहान फोटो असतील तर दोन्हीकडे जास्तच. यूएसबी ३ चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो. पुढे ३.१ जेन १, ३.२ जेन १ अशी नावं आली, ती सगळी त्याच ५ गिगाबिटची; नावं बदलली की माल नवा वाटतो. १० किंवा २० गिगाबिट लिहिलेली हार्ड डिस्क घेऊन काही मिळत नाही, तबकडी तेवढी पळतच नाही.

विजेचंही तसंच. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील आहे, ३.० वाला ९००. डिस्क फिरायला सुरुवात होते तो क्षण सगळ्यात जड. पोर्ट कमी पडला की डिस्क टिक् करते, थांबते, पुन्हा टिक् करते, आणि माणूस घाबरतो की डिस्क गेली. आधी कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरून बघा, आणि तार बदला. लांब, स्वस्त तारेत व्होल्टेज पडतं. अॅडॉप्टर नसलेल्या हबवर तर दोन डिस्क लावूच नका. जाता जाता : कॉपी चालू असताना वायरलेस माउस अडखळायला लागला तर माउस खराब नाही. यूएसबी ३ चा गोंगाट माउस वापरतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात सांडतो. माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा.

डबीवर सहसा न लिहिलेली एक गोष्ट म्हणजे एसएमआर. नेहमीच्या डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिले जातात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. तेवढ्याच तबकडीवर जास्त मावतं. पण मधला एक पट्टा पुन्हा लिहायचा तर त्या गटातले त्याच्या पुढचे सगळे उचलून परत लिहावे लागतात. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क आज बहुतेक एसएमआरच असतात. फोटो एकदा टाकायचे आणि ठेवायचे, यासाठी ते चालतं. एकदम शेकडो जीबी ओतलं तर मध्येच वेग रांगत चालल्यासारखा होतो. तो बिघाड नव्हे. मात्र अशा डिस्कवर व्हिडिओ एडिटिंग करू नका, ऑपरेटिंग सिस्टिम टाकू नका, रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या रचनेत) तर मुळीच घालू नका.

एसएसडीला मी नको म्हटलं, त्याची कारणं. रोज बॅगेत फिरणाऱ्या, पडण्याची शक्यता असलेल्या डेटासाठी एसएसडीच घ्यावी, तिच्यात फिरणारं काही नाही. एडिटिंगलाही तीच. पण कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी ती बरोबर नाही. फ्लॅश मेमरी विद्युतभार साठवून डेटा राखते आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट एवढीच आहे की लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावरही, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला डेटा एक वर्ष टिकावा. नव्या एसएसडीत तो याहून खूप जास्त टिकतो, हे खरं. तरी पाच वर्षं कपाटात पडून राहणारी एकमेव प्रत मी तिच्यावर ठेवणार नाही. शिवाय स्वस्त एसएसडीत बहुधा क्यूएलसी (एका खणात चार बिट कोंबणारी) मेमरी असते; पहिले काही जीबी भराभर जातात आणि आतला वेगवान भाग भरला की ती हार्ड डिस्कपेक्षाही हळू होते. दीड टीबी ओतायला घेतलात तर हे नक्की अनुभवाल.

बनावट मालाबद्दल सावध राहा. १६ टीबी, ३० टीबी लिहिलेल्या, काडेपेटीएवढ्या, अविश्वसनीय स्वस्त एसएसडी ऑनलाइन दिसतात. उघडल्यावर आत एखादं मेमरी कार्ड निघतं. खोटं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) मोठी क्षमता सांगतं, फाइल्स जाताना दिसतात, त्यांची नावंही दिसतात. पण खरी जागा संपल्यावर पुढचं सगळं जुन्यावरच लिहिलं जातं नाहीतर हवेत जातं. हे कळतं ते काही महिन्यांनी फोटो उघडायला गेल्यावर. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री ही फुकट साधनं पूर्ण जागा खरोखर लिहून आणि वाचून बघतात. वेळ लागतो, लागू द्या.

हीच तपासणी मी खऱ्या हार्ड डिस्कवरही पहिल्याच दिवशी करायला सांगतो. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल चालवून स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. नव्या डिस्कवर चालू राहिलेले तास शून्याच्या आसपास हवेत. हजारो दिसले तर तुम्हाला वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली आहे. पुढे अधूनमधून डिस्कवरच्या खराब जागांचे तीन आकडे बघत जा : रीअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल. शून्यावरून हलले की डिस्क लगेच मरेल असं नाही, पण त्या दिवशी प्रत घ्या आणि नवी डिस्क मागवा. सीआरसीचा, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याचा, आकडा वाढत असेल तर दोष बहुधा तबकडीचा नसून जोडणीचा असतो. पूर्ण लिहून-वाचून तपासलेली डिस्क पहिल्या आठवड्यात दगा देणारी असेल तर तिथेच उघडी पडते, आणि ती बदलून घ्यायची मुदतही तेव्हा हातात असते.

काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवरच जोडलेला असतो, आत हार्ड डिस्कचा नेहमीचा, साटा नावाचा जोड नसतोच. शिवाय काहींत त्या बोर्डावरची चिप सगळा डेटा सांकेतिक करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशा डिस्कचा सॉकेट तुटला तर डबी फोडून दुसऱ्या केसिंगमध्ये घालून चालत नाही. म्हणून अंगची तांत्रिक आवड असेल तर वेगळी साटा डिस्क आणि वेगळं केसिंग घेणं मला जास्त पसंत आहे : केसिंग मेलं तर ते बदलता येतं. तयार डबीच घेणार असाल तर यूएसबी-सी सॉकेटवाली बघा. पोर्टेबल डिस्कवर वर्षानुवर्षं चालत आलेला तो चपटा, रुंद मायक्रो-बी सॉकेट हा सगळ्यात कमजोर भाग. तार ओढली गेली की तोच आधी हलतो.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीचं, थोडक्यात. डिस्क फक्त विंडोजवर चालणार असेल तर एनटीएफएस. फक्त मॅकवर असेल तर मॅकचाच फॉरमॅट. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे हवी असेल तर एक्सफॅट. मात्र त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवायची सोय) नाही, लिहिणं चालू असताना तार उपटली तर एनटीएफएसपेक्षा नुकसान व्हायची शक्यता जास्त. फॅट३२ चा विचार करू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. २ टीबीवरच्या डिस्कला विभागणीचा तक्ता जीपीटी प्रकारचा हवा, जुना एमबीआर नाही. नव्या डिस्क तशाच येतात.

विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून एक्सटर्नल डिस्कसाठी झटपट काढण्याची पद्धत मुळातच चालू असते, त्यामुळे सेफली रिमूव्ह आता अनावश्यक आहे असं काही जण सांगतात. पेन ड्राइव्हला ते खपून जाईल. फिरत्या डिस्कला इजेक्ट म्हणा, फिरणं थांबल्याचं हाताला जाणवू द्या, मग तार काढा. चालू डिस्कचं वाचणारं-लिहिणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बंद झाल्यावर ते बाजूला जाऊन बसतं. चालू डिस्क टेबलावरून पाडणं आणि बंद डिस्क पाडणं यात याच कारणाने जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि कधी डिस्कमधून टक् टक् असा ठरावीक लयीत आवाज येऊ लागला, तर पोर्ट आणि तार एकदा बदलून बघा. तरी थांबला नाही तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवू नका. प्रत्येक वेळी चालू करताना डोकं तबकडी खरवडत असू शकतं.

आता बर्नर. घरच्या वापराला बाहेरून जोडायचा सडपातळ डीव्हीडी रायटर बास झाला. सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचतो, दोन्ही लिहितो, यूएसबीवरच चालतो. सडपातळ ड्राइव्हचा डीव्हीडी लिहिण्याचा कमाल वेग साधारण ८ एक्स असतो. डेस्कटॉपमध्ये बसणारे २४ एक्सपर्यंत जातात. एक्स म्हणजे सीडीसाठी सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीसाठी सुमारे १.३८ एमबी, ब्लू-रेसाठी ४.५ एमबी. ८ एक्सने भरलेली डीव्हीडी आठ-दहा मिनिटांत होते, तेव्हा वेगाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तसंही मी कमाल वेगाने कधी मारत नाही. डिस्कवर १६ एक्स लिहिलं असेल तर ८ ने मारतो. अगदी १ एक्स वर मारणंही चांगलं नाही. आजच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर त्या वेगासाठी बनवलेलाच नसतो, आणि कित्येक ड्राइव्ह इतके खाली उतरतही नाहीत.

तुमच्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची जागा रिकामी असेल आणि बोर्डवर साटा जोड शिल्लक असेल, तर आत बसणारा ड्राइव्ह जास्त चांगला. त्याचं यंत्र दणकट, वीज भरपूर. ओरखडे पडलेल्या जुन्या डिस्क वाचायला तो सडपातळ ड्राइव्हपेक्षा जास्त चिकाटी दाखवतो, असा माझा अनुभव आहे. पण लॅपटॉपलाही हवा असल्याने तुम्हाला बाहेरचाच सोयीचा. यूएसबी २.० वर तो मध्येच बंद पडत असेल तर पुन्हा विजेचीच गोष्ट. दोन यूएसबी टोकांची तार किंवा यूएसबी ३ पोर्ट वापरा. ब्लू-रे बर्नरला तर हे बहुधा लागतंच.

डीव्हीडी-आर की डीव्हीडी+आर, यावर एके काळी कडाक्याचे वाद झाले. उणेवाली डीव्हीडी फोरमची, अधिकवाली दुसऱ्या गटाने नंतर आणलेली. आजचा कोणताही बर्नर दोन्ही लिहितो. डेटासाठी मी अधिकवाली घेतो, तिची त्रुटी सांभाळायची रचना सरस आहे. फार जुन्या टीव्हीखालच्या प्लेअरवर लावायची असेल तर उणेवाली. आरडब्ल्यू डिस्क हजारेक वेळा पुसून लिहिता येतात असं म्हणतात, पण फोटो राखायला त्या घेऊ नका. पुसता येणं हाच तिथे दोष आहे.

ब्लू-रेचं गणित करू. तुमचे दीड टीबी ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मारायचे तर ३२० च्या आसपास डिस्क लागतील. कोणी मारणार नाही. पहिल्या वीसनंतर कंटाळा येतो. २५ जीबीच्या ब्लू-रेवर ६०, बीडीएक्सएलच्या १०० जीबीवाल्यावर १५. हे जमण्यासारखं आहे, आणि ब्लू-रेचा साधा एचटीएल प्रकार असेंद्रिय थराचा असल्याने डीव्हीडीच्या सेंद्रिय रंगद्रव्यापेक्षा टिकाऊ मानला जातो. एलटीएच लिहिलेली ब्लू-रे मात्र पुन्हा सेंद्रियच, ती टाळा. तरी मी सरसकट ब्लू-रे बर्नर घ्या म्हणत नाही, कारण हा धंदा आटत चाललाय. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. ज्यांच्या कोऱ्या सीडी-डीव्हीडीचं जाणकार नाव काढायचे त्या तायो युडेनने २०१५ मध्येच यातून अंग काढलं. दहा वर्षांनी डिस्क शाबूत असेल, ती वाचणारा ड्राइव्ह मिळायला हवा. ज्यांच्याकडे खरोखर न बदलणारा, जपून ठेवायचा शंभर-दोनशे जीबीचा ऐवज आहे आणि जे दोन ड्राइव्ह सांभाळून ठेवतील, त्यांनी जरूर घ्यावा.

एम-डिस्कबद्दल विचारलं जातं. दगडासारख्या असेंद्रिय थरात खड्डे पाडणारी डिस्क, हजार वर्षांचा दावा. ती काढणारी मिलेनिआटा ही कंपनी स्वतः २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली; आता दुसऱ्या कंपन्या त्या नावाने डिस्क विकतात. हजार वर्षं कोण मोजणार, पण डीव्हीडी प्रकारातली एम-डिस्क साध्या डीव्हीडीहून नक्कीच टणक आहे. ती लिहायला मात्र ड्राइव्हवर एम-डिस्कचं चिन्ह हवं, नेहमीचा लेझर पुरत नाही.

डिस्कवर काय मारावं? माझ्या मते घरातले निवडक तीन-चारशे फोटो, लग्न-मुंजीचे, आजी-आजोबांचे, आणि कागदपत्रांचे स्कॅन. हे दोन-तीन डीव्हीडींत बसतं. डिस्कचा मोठा गुण हा की एकदा मारून बंद केलेली डिस्क व्हायरस बदलू शकत नाही आणि घाईत कोणी उडवू शकत नाही. एकाच मजकुराच्या दोन प्रती, वेगवेगळ्या बनावटीच्या डिस्कवर मारा. मारताना सॉफ्टवेअरमधलं व्हेरिफाय चालू ठेवा. विंडोजवर इमबर्न २०१३ नंतर सुधारलेलं नसलं तरी अजून कामाचं आहे. लिनक्सवर केथ्रीबी किंवा ब्राझेरो. विंडोज स्वतः विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? दुसरा पर्याय घ्या. पहिल्याने मारलेल्या डिस्क दुसरीकडे उघडत नाहीत, अशी तक्रार हमखास येते.

नाव लिहायला टोकदार पेन नको, डिस्कसाठीचा पाण्यावर आधारित मऊ मार्कर घ्या. सीडीत डेटाचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, वरून ओरखडा गेला की डेटाच गेला. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधोमध, म्हणून वरून बरीच सुरक्षित. पण गोल स्टिकर चिकटवलात तर ती फिरताना डगमगते. उभ्या, पेटीत, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवा. खिडकीतल्या उन्हात ठेवलेली लिहिलेली डिस्क काही महिन्यांतही जाऊ शकते.

कपाटातल्या गठ्ठ्याचं काम नवा बर्नर आल्यावर पहिल्या सुट्टीतच करा. त्यातल्या स्वतः मारलेल्या डिस्क आधी घ्या, विकत घेतलेल्या छापील डिस्कना घाई नाही. हाताने फाइल्स ओढण्यापेक्षा पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा (एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) काढा. एखाद्या डिस्कवर ड्राइव्ह अडला तर ती जबरदस्तीने तासभर फिरवत बसू नका. कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोलगोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर घालून बघा. एकाला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला वाचते, हे नेहमीचं आहे. लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. एकाच डिस्कवर दोन वेगळ्या ड्राइव्हमधून आलेले तुकडे ते एका फाइलमध्ये जोडतं.

राहिला चित्रपटांचा प्रश्न. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट लावायची सोय विंडोजसोबत येत नाही. व्हीएलसी टाका, काम होतं. ड्राइव्हचा प्रदेश संकेतांक (जगाच्या कोणत्या भागातल्या चित्रपट-डिस्क चालतील ते ठरवणारा आकडा) फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा ठेवाल तोच कायमचा. त्यामुळे परदेशातून आलेली एखादी डिस्क बघण्यासाठी तो सहज बदलू नका. ब्लू-रे चित्रपटांना कुलूप जास्त घट्ट असतं, बहुतेक वेळा विकतचं सॉफ्टवेअर लागतं. आणि फोरके ब्लू-रे अधिकृतपणे लावायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुविधा लागायची, ती ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली गेली. तुमच्या नव्या लॅपटॉपवर ते बहुधा चालणार नाही. फोरके चित्रपट बघायचे असतील तर टीव्हीला वेगळा प्लेअर लावा, संगणकाच्या बर्नरकडून ती अपेक्षा ठेवू नका.